बिअरच्या फ्रिजला कुलूप

२९ मार्च, शनिवार

ही वही दवाखान्यातल्या नर्सने दिली. म्हणाली, "ग्लेन्डा, हात रोज किती दुखले ते यात लिहीत जा. एक ते दहामधला आकडा टाकायचा." माझं मोठं पातेलं या पोरीपेक्षा वयाने मोठं असेल. माझे हात दुखत नाहीत. गारठा पडला की सकाळी जरा आखडतात, ते कोणाचेही आखडतात. दुखतं ते डोकं. त्याला आकडा द्यायचा तर दहा, आणि त्याचं कारण आत्ता मागच्या शेडमध्ये हातोडी आपटत बसलंय.

कारणाचं नाव मर्व. एके काळी या भागात त्याच्याएवढ्या मेंढ्या कोणी कातरत नव्हतं. मी कातरणाऱ्यांचा स्वयंपाक करायचे, तो ताट घेऊन रांगेत पहिला असायचा. मी त्याला भूक समजले नाही, प्रेम समजले. आता पाठ गेली. सोफ्यावरून उठतो ते जेवायला.

आज जेवताना म्हणाला, "मी शेडमध्ये एक कपाट करतोय."

"कसलं?"

"गांजाचं. म्हणजे आत झाड लावायचं. एलईडीचे दिवे लावले की ऊन लागत नाही. उजेड बाहेर नाही, वास बाहेर नाही. कोणाला पत्ता लागणार नाही."

मी बटाटा वाढत होते, तो वाढला. "कशाला पण?"

"पाठीसाठी."

"पाठीला सोफा आहे की."

 मग त्याने माझ्या हातातला मिठाचा डबा घेऊन झाकण उघडून परत दिला. मी काय डबा उघडू शकत नाही?

१ एप्रिल, मंगळवार

कंत्राटदार रॉस आला होता. ऑगस्टमध्ये यारबिनची कातरणी. मेंढ्यांची एवढी मोठी जमीन या बाजूला दुसरी नाही, आणि तिथलं स्वयंपाकघर एकोणीस वर्षं माझं आहे. चहा पिताना त्याचं लक्ष माझ्या कपाकडे नव्हतं, कप धरणाऱ्या बोटांकडे होतं. मेंढीचे दात बघतात तसं.

"या वेळी सोबत एक मुलगी देतो," म्हणाला. "कॅफेत कामाला होती. तुला मदत."

"मला मदत लागत नाही."

"बघू. तू सगळं ओढलंस तर पुढच्या वर्षीही तूच. नाहीतर ती." मग जाता जाता म्हणाला, "आणि यारबिनवाले आता सगळ्यांची पोलिसातली नोंद बघतात हं. घरात काही भानगड असली तरी नको म्हणतात."

मी म्हटलं, माझ्या घरात भानगड करण्याएवढी अक्कल असलेलं कोणी नाही. म्हणताना शेडमधून करवतीचा आवाज येत होता.

ते स्वयंपाकघर गेलं तर मी वर्षभर या माणसाचं तोंड बघत बसायचं. त्यापेक्षा मेंढ्यांच्या गोठ्यात झोपेन.

५ एप्रिल, शनिवार

कपाट म्हणजे काय ते आज बघितलं. बिअरचा फ्रिज! त्याच्या बापाचा, गोल कोपऱ्यांचा, शेडमध्ये माझ्या लग्नाआधीपासून उभा आहे. मोटर मागच्या महिन्यात मेली. मर्वने आतले कप्पे काढले, पांढरा रंग दिला, कचराडेपोतून कुठल्याशा कॉम्प्युटरचा पंखा आणून मागे बसवला. पोस्टाने एलईडीच्या पट्ट्या आल्या. त्या लावल्या तर आत असा जांभळट उजेड, जसं काही शोभेचे मासे विकायचे आहेत.

"फ्रिजच का?" मी विचारलं.

"जुन्या फ्रिजकडे कोण बघतं? दाराला रबर आहे, उजेड कोंडून राहतो. डोकं लागतं ग्लेन्डा, डोकं."

 या गावात माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना दार वाजवतो, संडासात जाताना विचारतो, पण शेडमधला बिअरचा फ्रिज विचारून उघडलेला मी जन्मात बघितलेला नाही. आणि आमच्या शेडमध्ये दर शुक्रवारी अर्धं गाव येऊन बसतं. त्यात पोलीससुद्धा.

म्हटलं, "मर्व, संबंध गाव ज्या दाराला हात घालतं ते एकच दार या घरात आहे."

त्याचं तोंड उघडं राहिलं. इतके दिवस करवत चालवली, आणि हे डोक्यात आलंच नव्हतं.

संध्याकाळी कडी-कोयंडा ठोकून कुलूप लावलं. मोठा शहाणा.

११ एप्रिल, शुक्रवार

क्लबात मटणाची सोडत, म्हणजे तिकिटं काढून मांसाची ताटं जिंकायची, ती झाली की सगळे इथे येतात. आज टिबो पहिला आला. टिबो आणि मर्व एकाच शेडमध्ये कातरणी शिकले, तो आमच्याकडे जेवतो जास्त आणि स्वतःच्या घरी कमी. सोडतीत जिंकलेल्या सॉसेजचं ताट बगलेत, सरळ फ्रिजकडे. मी खिडकीतून बघत होते. हात कडीला लागला आणि तिथेच थांबला. कोणीतरी मेलं असावं असा उभा राहिला.

"मर्व... कुलूप?"

"बिअर पेटीत आहे. बर्फात. घे की."

"ते नाही विचारत. फ्रिजला कुलूप?"

"असंच."

मागून डेमियन आला. हा आमचा पोलीस, समुद्राकडच्या गावातून बदली होऊन आलेला, कान अजून पोरासारखे लाल. त्यानेही कुलूप बघितलं. सगळे पेटीतली बिअर प्यायले, पण मयताला आल्यासारखे बसले आणि लवकर उठले.

२४ एप्रिल, गुरुवार

दोन रोपं होती, एक मेलं. दुसऱ्याला मर्व दिवसातून कितीदा जाऊन बघतो. आमची मुलगी तान्ही होती तेव्हा इतक्यांदा पाळण्याकडे गेला नव्हता.

यारबिनला न्यायला टोमॅटोचं लोणचं घातलं. हातातून एक बरणी निसटली. हल्लीच्या बरण्यांची काच गुळगुळीत करतात, पैसे वाचवायला. मर्व लगेच झाडू घेऊन हजर. त्यानंतर कांदे सोलायला बसला, न सांगता. माझ्या स्वयंपाकघरात लुडबुड. म्हटलं, सोफा रिकामा पडलाय, त्याला वाईट वाटेल. हलला नाही. सगळे कांदे सोलले, तेही जाड सालं काढून, अर्धा कांदा वाया.

१६ मे, शुक्रवार

मर्वचं नाव आता गावात 'कुलूप' पडलंय. टिबोने फ्रिजवर एक रिकामा डबा आणून ठेवला, त्यावर लिहिलं 'गरीब मर्वसाठी मदत'. लोक त्यात बाटलीची बुचं टाकतात. क्लबात सोडतीवाल्याने माइकवर सांगितलं, "आजचं तिसरं बक्षीस मर्वला देऊ नका, तो मटणही कुलपात ठेवेल." सगळा क्लब हसला. मर्वही हसला.

याच माणसाने एका दुष्काळात स्वतःची कातरणीची मजुरी टिबोच्या पोराच्या ऑपरेशनला दिली होती, कोणाला न सांगता. आता त्याच टिबोकडून बुचं घेतो आणि हसतो. पाठ मोडली तेव्हा कणाही गेला असणार.

मी म्हटलं, "एक तर सांगून टाक, नाहीतर ते गवत उपटून फेक."

"ऑगस्टपर्यंत थांब."

"ऑगस्टला काय आहे?"

"काही नाही."

आणि ओढत तर नाहीच तो. सिगारेट सोडून बारा वर्षं झाली, छातीत घरघर होते. मग गांजा काय नुसता बघून पाठ बरी होणार?

६ जून, शुक्रवार

जून लागला, म्हणजे हिवाळा. गारठा. सकाळी सुरी नीट धरवेना. सुरीची मूठ जुनी झालीय, बदलायला हवी.

मर्व आणखी एक मूर्खपणा करायला लागलाय. फडताळातल्या बरण्यांची झाकणं घट्ट लावतच नाही. परवा बीटाची बरणी उचलली तर झाकण माझ्या हातात आणि बीट जमिनीवर. पोलीस आले असते तर खून झालाय म्हणाले असते. मी इतकी ओरडले की शेजारचं कुत्रं पळालं. "झाकण लावायचं कळत नाही तुला?" तर म्हणे, "विसरलो." सगळ्या बरण्या बघितल्या. एकूण एक सैल. विसरायलासुद्धा काही मर्यादा असते.

१९ जून, गुरुवार

टिबोकडून लोकरीच्या चरबीचा डबा आणलाय मर्वने. कातरणाऱ्यांचे हात ज्या चिकटाने लोण्यासारखे राहतात, ती. विचारलं कशाला, तर म्हणे बुटांना. ह्याचे बूट सहा महिन्यांत दाराबाहेर गेले नाहीत.

४ जुलै, शुक्रवार

हात लिहायला थरथरतोय. रागाने.

मी सॉसेज रोल भाजून ट्रे शेडकडे नेत होते. आत टिबो नेहमीसारखं टोचत होता, "कुलूप, पेटीतला बर्फ वितळला रे, आता उघड की तुझी तिजोरी." आणि तीन महिने हसत बसलेला माझा नवरा आजच चिडला. म्हणाला, "मोटर मेलीय त्याची! बिअर ठेवता येत नाही म्हणून बंद आहे. झालं समाधान?"

टिबो ओशाळला. म्हणाला, "अरे लेका, मग आधी नाही का सांगायचं?" तिथवर ठीक. पण डेमियन उठला.

"मेलेल्या फ्रिजला दार ठेवायचं नसतं, मर्व. पोरं लपाछपीत आत शिरतात, दार लागतं, संपलं. नियमच आहे. तुम्ही बसा, पाठीला त्रास नको, मीच काढतो दार. स्क्रूड्रायव्हर कुठंय?"

आणि हा टिबो, मदतीचा उमाळा आलेला, त्याला स्क्रूड्रायव्हर देतो! मी दारात पोचले तेव्हा डेमियन खालच्या बिजागरीपाशी गुडघ्यावर बसलेला, टिबो बॅटरी धरून, आणि मर्व खुर्चीत, पीठ फासल्यासारखा पांढरा. माझ्याकडे बघत होता.  यारबिन, रॉस, पोलिसातली नोंद, एकोणीस वर्षं, सगळं त्या एका स्क्रूवर.

मी ट्रे आपटला. "हात काढ त्या फ्रिजवरून."

"ग्लेन्डा, दार फक्त—"

"तो फ्रिज माझा आहे. चालू आहे. ऐकू येत नाही, घरघर चाललीय ती? कुलूप मी लावलंय."

टिबो म्हणाला, "तू? कशाला?"

"तुमच्यासाठी! किती वर्षं येताय, पिताय, खाताय, जाताय. माझ्या घरात शेळ्या पाळल्या असत्या तर दूध तरी मिळालं असतं. मी मर्वला म्हटलं, आता बास. मोटर मेली म्हणून तो खोटं सांगतोय, कारण त्याला माझी लाज वाटते. वाटू दे. माझी बिअर, माझं कुलूप."

 टिबोने सॉसेज रोल उचलला होता, तो परत ट्रेमध्ये ठेवला. अगदी हळू, मूळ जागेवर. "ग्लेन्डाच्या टेबलावरून कोणी अर्धपोटी उठत नाही, हे मी सगळीकडे सांगत फिरतो," म्हणाला.

"आता नको फिरूस."

तो गेला. बाकीचेही गेले. डेमियन मात्र तिथेच गुडघ्यावर. खालच्या कोपऱ्यात रबर जरा सुटलंय, तिथे नाक नेऊन बसला होता, तोंडावर जांभळा पट्टा.  मग उठला, गुडघे झटकले, स्क्रूड्रायव्हर मर्वच्या मांडीवर ठेवला.

"ग्लेन्डा, तुमच्या फ्रिजचा आतला दिवा दार लावल्यावरही चालूच राहतो वाटतं."

"बरं मग?"

"काही नाही. दुरुस्त करून घ्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नवे सार्जंट येतायत, माझे साहेब. त्यांना बिअर फार आवडते म्हणे. शुक्रवारी इथे घेऊन यावं लागेल मला."

"त्यांना सांग, स्वतःची घेऊन या."

"सांगतो," म्हणाला, आणि दोन सॉसेज रोल घेऊन गेला.

फ्रिजच्या दिव्यातला आणि त्या दिव्यातला फरक कळत नाही, आणि असल्यांना पोलिसात घेतात. आपलं नशीब की सरकार अक्कल बघून भरती करत नाही.

मर्व जेवताना म्हणाला, "तू असं कशाला केलंस?"

"तुझ्यात धमक नव्हती म्हणून."

१२ जुलै, शनिवार

काल शुक्रवार होता. शेडमध्ये कोणी आलं नाही. मी सवयीने रोल भाजले होते, ते कोंबड्यांना घातले.

आज क्लबात सोडतीचं तिकीट घ्यायला गेले. मागून बायकांमधून आवाज आला, "फडताळाला पण लावलंस का गं कुलूप?" मी वळून बघितलं नाही. मला काही वाटलं नाही. घरी येऊन ओव्हन घासला, आतून, बाहेरून, मागून. मग भट्टी घासली. मग काल घासलेलं पातेलं परत घासलं.

एकदा पुरात रस्ता तुटला होता तेव्हा उरलेल्या पिठावर आणि एका मेंढीवर मी पंचवीस माणसं चार दिवस जेवू घातली होती. टिबो त्यात होता. असो.

१९ जुलै, शनिवार

मर्वने माझं चांगलं पातेलं नासवलं!

दुकानातून आले तर घरभर घाण, ओल्या मेंढ्याला औषधी पाल्यात उकडल्यासारखी. भट्टीवर माझं जाड बुडाचं पातेलं, आत हिरवट चिकट काहीतरी, आणि मर्व माझा एप्रन लावून लाकडी चमचा फिरवतोय. फ्रिज उघडा, आतलं झाड गेलेलं. एवढ्या महिन्यांचं कौतुक, शेवटी निघालं काय, तर बुटांच्या पॉलिशच्या दोन चपट्या डब्या भरतील एवढं.

"हे काय आहे?"

"मलम. कचराडेपोवरच्या म्हाताऱ्या नॉर्माने सांगितलं. तिच्या आईला लावायची ती. लोकरीची चरबी घालून."

"पाठीला लोकरीची चरबी?"

त्याने डबी पुढे केली. "हातांना लाव."

"कोणाच्या हातांना?"

 बघतच राहिला माझ्या हातांकडे. मी ते एप्रनमध्ये घालायला गेले तर एप्रन त्याच्या अंगावर.

"पाठीसाठी होतं ना ते?" मी म्हटलं.

"पाठीला सोफा आहे की," मर्व म्हणाला.

त्यावर मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ही वही नर्स वाचेल.

२३ जुलै, बुधवार

मलम निरुपयोगी आहे. वास जात नाही, उशीला लागतो, मांजर जवळ येत नाही. पण एवढं गावात तोंड काळं करून बनवलेलं फेकायचं कसं, म्हणून लावते. मला नीट चोळता येत नाही, बोटं बोटांना पुरत नाहीत, तर मर्व चोळतो. बातम्या लागल्या की एक हात, खेळाच्या बातम्या लागल्या की दुसरा. कातरणीत मेंढी धरायचा तसाच धरतो, घट्ट पण लागत नाही. फरक पडला असलाच तर त्या चोळण्याने. डबीत नुसती डुकराची चरबी असती तरी चाललं असतं.

नर्सचा आकडा: सात.

मार्चमध्ये विचारत होती तेव्हा किती होता ते सांगायची गरज नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार

मर्वने फ्रिजचं दार काढलं. पट्ट्या, पंखा सगळं कचराडेपोत. आत आता रंगाचे डबे ठेवलेत. संध्याकाळी डेमियन नव्या सार्जंटला घेऊन आला. सार्जंट म्हणजे नुसतं पोट आणि मिशा, आल्या आल्या फ्रिजकडेच वळला. डेमियन मागे उभा, कान लालभडक. फ्रिजमध्ये रंगाचे डबे बघून त्याने जो श्वास सोडला तो मला अंगणात ऐकू आला.

"दार काढलंत. बरं केलंत," म्हणाला.

पोराला एक गोष्ट लक्षात यायला महिना लागतो. तरी मी त्याला बांधून दिले रोल. हडकुळा आहे.

टिबोही आला. कुंपणापाशी उभा राहिला, आत येईना. मर्व त्याच्याजवळ गेला, बराच वेळ काहीतरी बोलला. काय ते मला कळलं नाही, वाऱ्याची दिशा उलटी होती. टिबोने टोपी काढली. मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "ग्लेन्डा, मी गाढव आहे."

"ते जुनं झालं. पाय पुसून आत ये."

ताट भरून दिलं. दोनदा घेतलं त्याने. खाताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, माझ्या हातांकडे बघत होता. आता हाही. मर्वच्या तोंडात तीळ भिजत नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार, यारबिन

काल इथे पोचले. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. मर्वने जीपमध्ये सामान भरून दिलं होतं, मला हात लावू दिला नाही. इथे येऊन खोकी उघडली तर टोमॅटोचं लोणचं पिठात, बीट साखरेत, मोहरीचं लोणचं माझ्या स्वच्छ एप्रनांवर. सगळ्या खोक्यांतल्या सगळ्या बरण्या. एकेक झाकण सैल करून ठेवलंय त्या माणसाने. आठवडाभर ह्यासाठी शेडमध्ये बसला होता. खड्ड्यांचा विचार? छे. डोकं लागतं, डोकं.

फोन करून पंधरा मिनिटं शिव्या घातल्या. ऐकून घेतल्या. मग विचारतो, "डबी कुठंय?" म्हटलं, खिशात आहे, आणि आता तुला काय घेणं? तर म्हणे, "तिथे चोळायला कोणी नाही, म्हणून विचारलं." मी फोन ठेवला.

कॅफेतली मुलगी बरी आहे. बोलते कमी, भांडी घासते चांगली. आज पहाटे भट्टी पेटवली, चॉप्स लावले, अंडी, पाव. कातरणारे रांगेत आले. मांस मी कापलं, सगळं, एकटीने. रॉस दारात उभा राहून बघत होता. बघ म्हटलं, पोटभर बघ. एकदा सुरी अडली तेव्हा त्याच्याकडे पाठ केली.

नाश्ता उरकल्यावर मुलगी फडताळाशी गेली. वाचलेल्या बरण्या पुसून ठेवत होती. म्हणाली, "ग्लेन्डा, या सगळ्यांची झाकणं सैल आहेत. घट्ट लावून ठेवू?"

म्हटलं, "असू देत तशीच."